जुना हॉर्न : वाजवावा की जपावा?

नाव ‘फ्रेंच’ हॉर्न. पण त्याच्या व्हॉल्व्हचे पेटंट १८१८ साली बर्लिनमध्ये श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी घेतले. इंग्लंडमधले नामवंत वादक ऑब्री ब्रेन बारीक नळीच्या फ्रेंच हॉर्नलाच धरून राहिले. त्याचा सूर गोड, पण फसण्याची भीती मोठी. त्यांचा मुलगा डेनिस १९५१ साली रुंद नळीच्या जर्मन हॉर्नकडे वळला. १ सप्टेंबर १९५७ रोजी मोटार अपघातात तो गेला, अवघ्या ३६ व्या वर्षी. त्याचा चेपलेला हॉर्न पुढे दुरुस्त होऊन लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकच्या संग्रहात गेला.

जुन्या हॉर्नचा शत्रू वादकाचा श्वासच. ओलाव्याने पितळेतले जस्त झिजते, सच्छिद्र तांबे उरते. कपाटात ठेवला तर व्हॉल्व्ह अडकतात. म्हणून वाजवावा, आणि पाणी काढून, पुसूनच ठेवावा.