राजाचे भगंदर आणि शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

फ्रान्सच्या इतिहासात १६८६ हे साल 'भगंदराचे वर्ष' म्हणून ओळखले जाते. ज्या व्याधीचा उच्चार आपल्याकडे आजही घरातल्या घरात, आवाज उतरवून केला जातो, तिचे नाव एका बलाढ्य साम्राज्याच्या कालगणनेला चिकटावे, हे आम्हांला नवलाचे वाटते. रुग्ण होता चौदावा लुई. त्याच्या शस्त्रक्रियेची हकीकत अनेकांनी रंगवून सांगितली आहे. मात्र त्या सकाळनंतरच्या दोन महिन्यांकडे फारसे कोणी वळत नाही, आणि आमच्या मते खरा इतिहास तेथेच आहे.

वर्षाच्या आरंभी राजाला गुदद्वाराजवळ गळू झाले. ते फुटले, पण वाहायचे थांबेना. आत नाडी तयार झाली होती. दरबारी वैद्यांनी लेप, पिचकाऱ्या, औषधी पाणी असे सर्व उपाय सुचवले. राजावर प्रयोग नको म्हणून हीच व्याधी असलेल्या काही सामान्य माणसांना बारेजच्या उष्ण झऱ्यांवर धाडण्यात आले. ती गेली तशीच परत आली. अखेर प्रमुख शल्यविशारद शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स याने शस्त्राचा निर्णय दिला, आणि पुढचे काही महिने इस्पितळातील गोरगरीब रुग्णांवर हात बसवून घेतला. या माणसांची नावे कोणी नोंदवून ठेवली नाहीत. राजाच्या देहाची किंमत अशी दुसऱ्यांच्या देहांनी चुकती झाली, हे विसरून या कथेचे कौतुक करणे आम्हांला जमत नाही.

१८ नोव्हेंबर १६८६ रोजी सकाळी व्हर्सायच्या राजवाड्यात शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा नव्हते. फेलिक्सने मुद्दाम घडवून घेतलेले वाकडे पाते नाडीतून घालून मार्ग उघडा केला आणि कातरीने कडा छाटल्या. राजा हूं की चूं न करता पडून राहिला. त्याच दिवशी त्याने मंत्र्यांची बैठकही घेतली. दरबाऱ्यांवर याचा असा काही परिणाम झाला, की व्याधी नसतानाही आपल्यावर तीच शस्त्रक्रिया व्हावी म्हणून गळ घालणारे तीसहून अधिक जण आपण पाहिले, असे दियोनिस या शल्यवैद्याने लिहून ठेवले आहे!

पण जखम हवी तशी भरेना. तिच्या कडा निबर होऊ लागल्या, आणि डिसेंबरात राजाला पुन्हा शस्त्राखाली जावे लागले. तेही एकदाच नव्हे. भगंदराच्या जखमेची ही खोड प्रत्येक शल्यवैद्याला ठाऊक असते. ती टाके घालून बंद करायची नसते. उघडी ठेवून तळापासून वर भरत आणायची असते. वरची त्वचा आधी जुळली की खाली पोकळी राहते, पोकळीत पू साचतो आणि नाडी पुन्हा उगम पावते. म्हणून वरून बरी दिसणारी जखमही डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासतात. शिवाय ही जागा अशी, की रोजच्या शौचाने मलिन होणारच. कोमट पाण्यात बसणे, शौचानंतर पाण्याने स्वच्छता, मळ मऊ राहील असा आहार, हलका कापसी पट्टा: आजच्या रुग्णाला सांगितल्या जाणाऱ्या या साध्या गोष्टींवरच पुष्कळसे अवलंबून असते. जानेवारी उजाडल्यावर लुईची जखम भरली आणि ३० जानेवारी १६८७ रोजी तो पॅरिसच्या नगरभवनात मेजवानीला गेला.

हे शहाणपण तेव्हा नवे होते असे नाही. तीन शतके आधी इंग्लंडातील नेवार्कचा शल्यवैद्य जॉन आर्डर्न याने १३७६ च्या सुमारास याच व्याधीवर प्रबंध लिहिला. नाडी कापून उघडी करावी, रक्त स्पंजाने थांबवावे, जखमेवर दाहक औषधे ओतू नयेत, असे त्याचे सांगणे होते. पैशाच्या बाबतीत मात्र गृहस्थ मुळीच मऊ नव्हता. शंभर शिलिंगांखाली आपण ही व्याधी कधी बरी केली नाही, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे.

आणि त्याहून कितीतरी आधी सुश्रुत. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार आहेत, शस्त्रकर्म आहे. पण आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो जखमी माणसाच्या निवासाविषयीचा अध्याय. मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी. मित्रांनी जवळ बसून गोष्टी सांगत वेदनेचा विसर पाडावा. भगंदराची जखम भरून आल्यावरही वर्षभर व्यायाम, मैथुन, राग, घोड्यावर बसणे आणि जड अन्न वर्ज्य सांगितले आहे. रागाचा समावेश वाचून हसू येईल. ज्याने या जखमेसह कुंथण्याचा अनुभव घेतला आहे, तो कदाचित हसणार नाही.

कृश, दुर्बळ आणि भित्र्या रुग्णांसाठी सुश्रुताने शस्त्राऐवजी क्षारसूत्र सांगितले. अकराव्या शतकात चक्रपाणीने ते करण्याची रीत दिली. मधल्या काळात मागे पडलेली ही पद्धत १९६० च्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयातील वैद्यांनी पुन्हा हाती घेतली. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण एकवीस लेप चढवतात. तो नाडीतून ओवून दर आठवड्याला बदलतात. दोरा हळूहळू कापत जातो आणि मागची जखम त्याच वेळी भरत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २६५ रुग्ण होते. क्षारसूत्रानंतर भगंदर उलटण्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के, शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के निघाले. मात्र भरून येण्यास शस्त्रक्रियेच्या जखमेला चार आठवडे पुरले, तर दोऱ्याच्या रुग्णांना आठ आठवडे लागले. चार आठवडे अधिक दोरा बाळगायचा की पुन्हा उद्भवण्याची अधिक शक्यता पत्करायची, हे ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचे आहे, आणि त्यासाठी आधी तोंड उघडावे लागते.