परिवीक्षाभंग
परिवीक्षेवर मुक्त केलेल्या दोषसिद्ध अपराध्याने बंधपत्रातील अटी मोडणे म्हणजे परिवीक्षाभंग होय. यासंबंधीची तरतूद अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ९ मध्ये आहे. तत्पूर्वी मुंबई प्रांतात १९३८ चा स्वतंत्र कायदा होता.

कलम ४ अन्वये मुक्त झालेल्या व्यक्तीची शिक्षा माफ झालेली नसते. ती सुनावणेच लांबणीवर पडलेले असते. कमाल तीन वर्षांच्या मुदतीत बोलावणे येताच हजर होऊन शिक्षा स्वीकारण्याची हमी बंधपत्रात असते. देखरेखीचा आदेश असल्यास निवास, मद्यवर्जन इत्यादी अटीही घालता येतात. निवासाची अट असताना मजुरीसाठी न कळवता गाव सोडणे हाही अटभंग ठरू शकतो.

परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून वा अन्यथा अटभंग झाल्याचे वाटल्यास न्यायालय समन्स किंवा अटकेचे वॉरंट काढते. आंबेगाव तालुक्यातील लोणी येथील प्रकरणात मूळ आदेश घोडेगावच्या न्यायालयाचा असेल, तर तेथेच सुनावणी होऊ शकते. अटभंग सिद्ध झाल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. तो पहिलाच असेल तर बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याचा पर्यायही आहे. रक्कम आज नाममात्र असली तरी ती मुदतीत न भरल्यास शिक्षा ओढवू शकते. पुन्हा अटभंग झाल्यास दंडाचा पर्याय उरत नाही.

दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून कलम १२ संरक्षण देते. मूळ गुन्ह्यासाठी पुढे शिक्षा झाल्यास तेही संपुष्टात येते.