अंदाजाची किंमत

३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ ही नावे जगापुढे आली. हा दोष कुठल्या एका आज्ञावलीत नव्हता, प्रोसेसरच्या घडणीतच होता. १९९५ च्या पेन्टियम प्रोपासून इंटेलचे प्रोसेसर पुढील सूचना अंदाजाने आधीच पार पाडून ठेवू लागले होते. अंदाज चुकला की केलेले काम टाकून द्यायचे. पण टाकलेल्या कामाच्या खुणा कॅशमध्ये मागे राहतात. पाटी पुसली तरी अक्षरांचा ठसा राहावा, तशा त्या वाचता येतात.

मेल्टडाउनवरचा उपाय असा, की कर्नलचा स्मृतिनकाशा वापरकर्त्याच्या नकाशापासून वेगळा ठेवायचा. ऑस्ट्रियातील ग्राट्सच्या संशोधकांनी तो ‘कैसर’ या नावाने २०१७ मध्येच मांडला होता. मात्र त्यामुळे कर्नलच्या उंबरठ्यावरची प्रत्येक ये-जा महाग झाली.

ध्वनिमुद्रणाच्या संगणकाला हे का जाचावे? सेकंदाला ४८,००० नमुने आणि ६४ नमुन्यांचा बफर धरला, तर यंत्राला सेकंदातून ७५० वेळा हिशेब चुकता करावा लागतो. प्रत्येक खेपेस अवधी १.३३ मिलिसेकंद. १,०२४ नमुन्यांचा बफर घेतला तर ही खेप जेमतेम ४७ वेळा येते, पण गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. प्रतिध्वनी वा इक्वलायझरचे गणित उंबरठ्याच्या अलीकडेच होते, त्याला झळ थोडी. झळ पोचते ती लहान बफरला आणि डिस्कवरून वाद्यांचे नमुने सतत ओढणाऱ्या कामाला. म्हणूनच सरासरी वेग मोजणारे तक्ते इथे फारसे उपयोगाचे नाहीत असे मला वाटते. एकच खेप चुकली तरी ‘टक्’ असा आवाज मुद्रणात उतरतो.

९ जानेवारीला मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की हॅसवेल वा त्याहून जुन्या प्रोसेसरवर विंडोज ७ किंवा ८ असल्यास मंदपणा बहुतेकांना जाणवेल. (त्या प्रणालींत अक्षरे रेखाटण्याचे कामही कर्नलमध्ये चाले, हे त्याचे एक कारण!) नेमके असेच जुने, बसलेले यंत्र न हलवण्याकडे स्टुडिओवाल्यांचा कल असतो. २२ जानेवारीला तर संगणक आपोआप पुन्हा सुरू होत असल्याने इंटेलने आपलेच मायक्रोकोड बसवणे थांबवायला सांगितले.

पुढे स्पेक्टरच्या एका प्रकारावरील ‘रेट्पोलीन’ हा सौम्य उपाय मार्च २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये आला. त्याच वर्षी लिनक्स ५.२ मध्ये सगळी संरक्षणे एका शब्दाने बंद करण्याची सोय झाली. जाळ्यापासून तोडलेल्या, केवळ मुद्रणासाठी ठेवलेल्या यंत्रावर ती वापरणे समर्थनीय आहे. पण अनेक प्लगइनांचे परवाने तपासायला तेच यंत्र पुन्हा जाळ्याला जोडावे लागते.