चढाईला घातलेली वेसण

कबड्डीत एका वेळी एकच खेळाडू आक्रमणाला जातो आणि समोर त्याला रोखण्यासाठी जास्तीत जास्त सात जण उभे असतात. अशी रचना असलेले सांघिक खेळ जगात फार थोडे आहेत. फुटबॉलमध्ये आघाडीची फळी असते, तिला मागून चेंडू पुरवणारी मधली फळी असते, आणि अमेरिकी फुटबॉलमध्ये तर चेंडू फेकणारा व पुढे धावत जाऊन तो झेलणारा अशी आक्रमणाची स्वतंत्र खातीच वाटून दिलेली असतात, त्यामुळे संघ हरला की दोष नेमका कोणाचा यावर त्या खेळांच्या चाहत्यांना दिवसेंदिवस वाद घालता येतो. कबड्डीच्या चाहत्याला ती सोय नाही, कारण मध्यरेषा ओलांडून प्रतिपक्षाच्या अंगणात शिरणारा खेळाडू, ज्याला चढाईपटू म्हणतात, तोच संघाचे सगळे आक्रमण असतो. म्हणून संघाच्या हारजितीचा हिशेब प्रेक्षक आधी त्याच्या नावावर मांडतो. मात्र या खेळाच्या गेल्या शंभर वर्षांच्या नियमांचा इतिहास पाहिला, तर चढाईपटूचे यश त्याच्या अंगच्या गुणांइतकेच त्या त्या काळच्या नियमांवर अवलंबून राहिले आहे, आणि ते नियम त्याला आलटून पालटून कधी आवरत तर कधी पुढे ढकलत आले आहेत, असे दिसते.

महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू या नावाने गावोगाव खेळला जात असे; बंगालात त्याला हाडुडू आणि दक्षिणेत चेडुगुडू म्हणत. त्या काळी मैदानाची मापे, खेळाडूंची संख्या आणि बाद होण्याचे नियम गावागणिक बदलत असत. खेळासाठी मोकळी जागा, फक्कीने आखलेल्या रेषा आणि दोन गट यांपलीकडे काही लागत नसल्यामुळे, आज जळगाव शहरात सामावून गेलेल्या पण पूर्वी तलावाकाठचे आणि बोरांसाठी नावाजलेले स्वतंत्र गाव असलेल्या मेहरूणसारख्या ठिकाणीही तो खेळायला कोणत्याही संस्थेची किंवा साधनांची वाट पाहावी लागत नव्हती. तापी खोऱ्यातील काळी कसदार जमीन मात्र या खेळाला फारशी सोयीची नव्हे. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे खानदेशात चांगले मैदान करायचे म्हणजे हलकी माती आणून टाकणे, पाणी मारणे आणि ती दाबून घेणे आलेच. जमिनीचा हा मुद्दा वाटतो तितका क्षुल्लक नाही, कारण अनवाणी पायाने घेतलेली कलाटणी किती तीव्र असू शकते हे पायाखालची माती ठरवत असे, आणि चढाईपटूची सगळी कला त्या कलाटणीवर उभी होती.

नियमबद्ध होण्यापूर्वी आणि नियमबद्ध होत असतानाही या खेळाचे तीन प्रकार प्रचारात होते, आणि चढाईच्या दृष्टीने त्यांतील फरक मोलाचा आहे. गामिनी या प्रकारात एकदा बाद झालेला खेळाडू पुन्हा आत येत नसे. एका संघाचे सगळे गडी बाद होईपर्यंत तो बाहेरच बसे, आणि मग त्या डावाचा गुण दुसऱ्या संघाला मिळे. अशा खेळात उत्तम चढाईपटू लवकर पकडला गेला तर त्या डावातले संघाचे आक्रमण तिथेच संपत असल्यामुळे, त्याला जपून वापरणे आणि आधी दुय्यम खेळाडूंना पाठवून समोरच्या बचावाचा अंदाज घेणे हे शहाणपणाचे ठरत असावे. अमर या प्रकारात याच्या नेमके उलट होते: स्पर्श झालेला खेळाडू बाहेर न जाता खेळतच राही आणि फक्त गुण मोजले जात, त्यामुळे चढाईपटूला धाडस करायला मोकळीक होती, पण त्या धाडसाची किंमतही त्याला मोजावी लागत नव्हती. संजीवनी या तिसऱ्या प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी पुन्हा आत येतो, ज्याला खेळाडू ‘उठणे’ म्हणतात. आजची कबड्डी याच प्रकारातून वाढली, आणि ही निवड योग्यच होती असे म्हटले पाहिजे, कारण संजीवनीत चढाईपटूचा प्रत्येक यशस्वी स्पर्श दुहेरी काम करतो: समोरचा बचाव एका माणसाने विरळ होतो आणि आपला एक माणूस परत मिळतो. एखाद्या संघाचे सगळे गडी बाद झाले की प्रतिपक्षाला दोन जादा गुण मिळतात, त्याला लोण म्हणतात. लोणाच्या उंबरठ्यावर आलेल्या संघाचा एकटा उरलेला चढाईपटू जेव्हा दोन गडी मारून परततो, तेव्हा सामन्याचे पारडे फिरते.

नियम एकसारखे करण्याचे प्रयत्न १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात सुरू झाले आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध करून स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत या खेळाचाही समावेश होता. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत त्याला स्थान मिळाले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची आणि १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. या सगळ्या संघटनात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता, आणि शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

चढाईला पहिली वेसण घातली ती दमाने. चढाईपटूने मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार सुरू करावा, तो एका श्वासात, स्पष्ट ऐकू येईल असा आणि अखंड ठेवावा, आणि श्वास तुटण्याआधी आपल्या अंगणात परतावे, या नियमामुळे आक्रमणाची लांबी माणसाच्या छातीतल्या हवेने मोजली जाऊ लागली. आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असल्यामुळे घड्याळाने दमाची जागा बरीचशी घेतली आहे, आणि जुन्या प्रेक्षकाला त्याची रुखरुख वाटली तर नवल नाही, कारण दम टिकवून शेवटच्या क्षणी झेप घेणारा चढाईपटू आणि नुसता वेळ मोजणारा चढाईपटू यांतला फरक पूर्वी कानाला कळत असे. दुसरी वेसण रेषांची आहे. पुरुषांच्या तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते आणि बचावपटूला स्पर्श झाला नसेल, तर चढाईत ती एकदा तरी ओलांडावीच लागते; तसे न करता परतणारा चढाईपटू बाद होतो. कडेला उभे राहून नुसता वेळ काढणाऱ्याला आत ढकलणारी अशी ही रेषा आहे. तिच्याही पुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवून दुसरा पाय अधांतरी ठेवला, तर कोणाला स्पर्श न करताही एक गुण मिळतो. बचाव जेव्हा सर्वांत दाट असतो, तेव्हाच आत घुसण्याचे हे आमिष ठेवलेले आहे, आणि संपूर्ण नियमपुस्तिकेत आक्रमणाचा इतका बारकाईने विचार करणारे कलम क्वचितच सापडेल.

या रेषांच्या आत चढाईपटूंनी जी शस्त्रे घडवली, ती पायांची, हातांची आणि नजरेची होती. पायाची बोटे पुढे सरकवून घेतलेला स्पर्श, बाजूने मारलेली लाथ, पाठ फिरवल्यासारखे करून मागे झटकलेली लाथ, हाताची थाप, चालून आलेल्या बचावपटूच्या डोक्यावरून घेतलेली हनुमान उडी आणि अलीकडे हरियाणाच्या परदीप नरवाल यांनी गाजवलेली, हात धरून उभ्या बचावपटूंच्या साखळीखालून निसटण्याची डुबकी, असा हा भात्यातला माल आहे. समोरच्या टोकांना कोपरारक्षक उभे असतात आणि त्यांच्या आत मध्यरक्षक; कोपरारक्षक पायाला झडप घालतो आणि मध्यरक्षक धडक देऊन वाट अडवतो, ही विभागणी लक्षात घेऊनच चढाईपटू आपली बाजू निवडतो, म्हणून चांगल्या संघाला उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंचे चढाईपटू लागतात. मातीच्या जागी मॅट आल्यावर या शस्त्रांचे वजन बदलले. मॅटवर बूट घालून खेळताना वेग आणि अचानक थांबणे सोपे झाले, पण मातीत पडून घसरत मध्यरेषेपर्यंत हात पोहोचवण्याची जी देशी युक्ती होती तिची धार कमी झाली, आणि मातीवर तयार झालेला ग्रामीण खेळाडू निवड चाचणीत प्रथमच मॅटवर उतरला की आपल्याच सवयींशी झगडू लागतो. मॅट विकत घेणे छोट्या मंडळांच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे हा प्रश्न केवळ तंत्राचा उरत नाही.

महिलांचे मैदान बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद असते आणि तिथे निदान रेषा तीन मीटरवर असते. अंगण अरुंद असल्याने बचावाची साखळी लवकर मिटते आणि चढाईला वळसा घ्यायला जागा कमी मिळते, ही गोष्ट महिलांच्या सामन्यांची पुरुषांच्या सामन्यांशी तुलना करणारे बहुतेक टीकाकार विसरतात. या अरुंद अंगणातही महाराष्ट्राच्या खेळाडूंनी नाव कमावले: पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि २०१२ मध्ये पाटण्याला झालेला महिलांचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या.

पुरुषांच्या खेळाचे केंद्र दीर्घकाळ मुंबई-पुण्याकडे राहिले. लालबाग-परळच्या गिरणगावातील व्यायामशाळा आणि मंडळे खेळाडू घडवत, रेल्वे, बँका आणि सार्वजनिक उपक्रम त्यांना नोकरी देऊन आपल्या संघात घेत, आणि चढाईपटूचे पोट त्याच्या पायांवर चाले. कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ मध्ये सदानंद शेट्टी यांना मिळाला. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई खेळांत पदकासाठी प्रथम खेळली गेली तेव्हा सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात चढाईपटू अशोक शिंदे होते. खानदेशचा खेळाडू या नकाशाच्या कडेला राहिला, कारण जळगाव, धुळे आणि १९९८ नंतर नंदुरबार असे तीन जिल्हे राज्य स्पर्धेत तीन वेगळे संघ उतरवतात आणि नोकरी देणारे संघ मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत असतात.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चढाईवरची पकड पुन्हा बदलली. या स्पर्धेत सलग दोन चढायांत गुण न मिळाल्यास तिसरी चढाई ‘करो या मरो’ ठरते, म्हणजे त्या चढाईत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद होतो. आघाडीवर असलेल्या संघाने रिकाम्या चढाया करून वेळ खाण्याची जी जुनी आणि प्रेक्षकाला चीड आणणारी पद्धत होती, तिला या नियमाने मोठा आळा घातला. त्याचबरोबर तीन किंवा त्याहून कमी गडी असलेल्या बचावाने पकड केली तर एक जादा गुण देण्याची, म्हणजे अव्वल पकडीची, तरतूद करून दुबळ्या बाजूलाही बळ दिले गेले. परिणाम आकड्यांत दिसतो: २०१७ मध्ये रिशांक देवाडिगा यांनी एका सामन्यात चढाईचे २८ गुण मिळवले, त्याच हंगामात परदीप नरवाल यांनी विक्रम ३४ वर नेला. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाई यांच्यासाठी २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. बचावपटूंना अशी बोली क्वचित लागते. बाजाराचे हे मत प्रेक्षकाच्या मताशी जुळते, पण ते बरोबर आहेच असे नाही.

महाराष्ट्राचा चाहता गेली अनेक वर्षे आपल्या संघाच्या चढाईवर नाराज आहे, आणि हरियाणाच्या चढाईपटूंकडे पाहून त्याची नाराजी वाढते. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला देवाडिगा यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अंतिम सामन्यात सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा ही तक्रार थोडी थंडावली. पण विजय केवळ चढाईवर ठरत नाही. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे विजेतेपद जिंकले, त्या सामन्यातील कमी गुणसंख्याच सांगते की दोन्ही बाजूंचा बचाव भक्कम होता. पलटणच्या पंकज मोहिते यांच्या एका चढाईने चार गुण आणले हे खरे, मात्र तेवढ्या एका चढाईवर सामना तोलून धरता आला तो मागे बचाव उभा होता म्हणून.

बचावाच्या जोरावर भारताला हरवता येते हे इराणने २०१८ मध्ये जाकार्ताला दाखवले. आशियाई खेळांत तोवर कधीही सुवर्ण न गमावलेला भारतीय पुरुष संघ उपांत्य सामन्यात १८-२७ असा हरला. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवले, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. पाच वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगझोऊला पुरुषांच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ २८-२८ अशा बरोबरीत असताना भारताचे कर्णधार पवन सेहरावत ‘करो या मरो’ चढाईला गेले आणि कोणालाही स्पर्श होण्याआधी राखीव क्षेत्रात शिरले. मैदानाच्या दोन्ही कडांना असलेल्या एकेक मीटरच्या या पट्ट्या स्पर्श झाल्यावरच खेळात येतात. इराणचे बचावपटूही त्यांच्या पाठोपाठ आत गेले. जुन्या नियमाने ते बचावपटूही बाद ठरत होते, नव्या नियमाने एकटा चढाईपटू. कोणता नियम लागू यावर सुमारे तासभर खेळ थांबला, पंचांचे निर्णय फिरले, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, आणि शेवटी भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे दोन चढाईपटू होते.