नळीवरचे ठसे

अंबडहून गोदावरीच्या रोखाने निघालेला रस्ता वडीगोद्रीपाशी सोलापूर-धुळे मार्गाला मिळतो आणि पुढे शहागडचा पूल ओलांडून गेवराई, बीड करीत जुन्या मोमिनाबादेकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे, जातो. या मुलुखावर निजामाचा अंमल असताना उत्तरेस जालन्याला आणि दक्षिणेस मोमिनाबादेला हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. नाव निजामाचे आणि हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची, अशी ही फौज. तिच्या खर्चापायी १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले, आणि १९०३ मध्ये तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाल्या, तेव्हाच ही विलक्षण व्यवस्था संपली. अशा प्रदेशात एखादी जुनी लष्करी बंदूक दृष्टीस पडली, की पाहणारा पहिला प्रश्न विचारतो तो ती उडते का, हा. माझ्या मते पहिला प्रश्न निराळा असावा: ही बंदूक प्रथम कोणाच्या हाती होती, आणि त्या हातांनी ती खाली का ठेवली?

त्याचे उत्तर बंदूकच देते, मात्र वाचणाऱ्याने घाई करता कामा नये. उदाहरणार्थ, स्नायडर बंदूक घ्या. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर मुकुट, त्याखाली राणी व्हिक्टोरियाची व्ही.आर. ही आद्याक्षरे, पुढे एन्फील्ड हे नाव आणि साल, तर इतरत्र बाणाच्या टोकासारखा सरकारी मालकीचा ठसा आढळतो. असे दोन बाण टोकाला टोक भिडवून उमटवलेले असतील, तर तो माल सरकारने रीतसर विकून टाकला, असे समजावे. मूळची ही १८५३ च्या नमुन्याची ठासणीची एन्फील्ड बंदूक. १८६६ पासून तिच्या नळीचा मागचा भाग कापून तेथे बिजागरीची झडप बसवण्यात आली आणि पुढून दारू ठासण्याचे काम संपले. खोटा मालही पुष्कळ. वायव्य सरहद्दीकडील कारागिरांनी हुबेहूब नकला केल्या, पण अक्षरे उलटी कोरली, किंवा १९०१ च्या जानेवारीत निवर्तलेल्या राणीची आद्याक्षरे त्यानंतरच्या सालाशेजारी बसवली.

परंतु मला सर्वांत बोलकी वाटते ती नळीची आतली बाजू. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या सरकारने हिंदी पलटणींसाठी एक स्वतंत्र नमुना सिद्ध केला. बाहेरून ती तीच एन्फील्ड; आत मात्र गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत, सुमारे ०.६५ इंच व्यासाची गुळगुळीत नळी, आणि अंतरानुसार वरखाली होणाऱ्या शिडीऐवजी नेमाची एकच स्थिर खाच. गोऱ्या शिपायाची गोळी शेकडो यार्डांवर नेमकी लागावी आणि त्याच्याच शेजारी लढणाऱ्या काळ्या शिपायाची शंभर यार्डांपलीकडे भरकटावी, ही राजनीती लोखंडात अशी घडवलेली आहे, की तिला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. पुढेही हाच क्रम चालला. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा स्नायडर हिंदी पलटणींकडे उतरली. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा मार्टिनी उतरली. आपल्याकडे जुने लष्करी शस्त्र म्हणून जे आले, ते बहुधा असे आधीच उतरवलेले होते. पोलिसांच्या ०.४१० मस्केटीतही तेच धोरण दिसते: इशापूरच्या कारखान्यात ०.३०३ रायफलीची नळी गुळगुळीत करून आणि काडतुसांच्या पेटीत लाकडी ठोकळा बसवून ती एकेरी बाराची केली गेली.

ती उडते का, हा प्रश्न यानंतरचा. स्नायडर उडवण्याची रीत अशी. घोडा अर्धा चढवायचा, झडप उजवीकडे उघडून मागे ओढायची, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर सरकते. बंदूक उलटी करून ते खाली पाडायचे, नवे अंगठ्याने आत लोटायचे, झडप मिटायची, घोडा पुरा चढवायचा आणि नेम धरून चाप ओढायचा. सरावलेला शिपाई मिनिटाला दहाच्या आसपास फैरी झाडी. ठासणीच्या बंदुकीला तीनच साधत. ०.५७७ इंचाची शिशाची गोळी खांद्याला जबर धक्का देई आणि काळ्या दारूचा पांढरा धूर नेमापुढे पडदा धरी. काळ्या दारूच्या मापाने घडलेल्या या नळीत आजची बिनधुराची दारू घालणे म्हणजे तिच्या चिंधड्या उडवण्याला आमंत्रण. जाणत्या कारागिराने झडप, नळी आणि काडतुसाची जागा तपासल्याखेरीज, आणि परवान्याखेरीज, तिचा चाप कोणी ओढू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याने जुन्या शस्त्रांना दिलेली सूट दुरुस्त करूनही न उडणाऱ्या शस्त्रांपुरतीच आहे.

खंडेनवमीला घरोघरी शस्त्रे पुजली जातात आणि पूजेपूर्वी पॉलिश पेपरने घासून लख्ख केली जातात. वडीगोद्रीपासून जालन्यापर्यंत ज्यांच्या घरी अशी कायदेशीर जुनी बंदूक असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की हळदकुंकू अवश्य वाहा, कोरड्या फडक्याने धूळ पुसा, पण नळीवरचे आणि पट्टीवरचे ठसे घासू नका. त्यांची छायाचित्रे घ्या, आणि बंदूक घरात कोणाकडून व केव्हा आली, ते वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा.