पंचबोल

परवा चिखलदऱ्याला पंचबोलवर उभे होतो. भाचीने हाक मारली, दरीने परत दिली. "मामा, हाच ना इको पॉइंट?" हो म्हटलं, पण ते नाव टोचत राहिलं.

इको ही ग्रीक वनदेवता. 'एखे' म्हणजे आवाज. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत ज्यूनो तिला शाप देते: स्वतःहून बोलायचं नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे म्हणायचे. तिचं मन बसलं नार्सिससवर, आणि तो पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेला! 'रिफ्लेक्ट'चा मूळ लॅटिन अर्थ मागे वाकवणं. 'रिव्हर्बरेट'च्या पोटात तर चक्क चाबूक आहे.

आपला पडसाद आला संस्कृत 'प्रतिशब्द'पासून, प्राकृत 'पडिसद्द'मार्गे. प्रति म्हणजे समोरून, उलट. म्हणून तर अकोल्यातल्या मोर्चाचे पडसाद विधानसभेत उमटतात. तिथे कुणी तेच शब्द पुन्हा म्हणत नसतं.

जवळच गाविलगड. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या तोफा तिथे धडाडल्या, तेव्हा या दऱ्यांत काय घुमलं असेल... असो.

इको बिचारी शापित, नक्कल करणारी. पंचबोलची दरी मात्र बोलते, तेही पाचदा! भाचीने मोजले. चारच भरले. मग ती पुन्हा ओरडली.