न कोमेजणारा बुके: लेगोची फुलं जोडतात कशी, टिकवायची कशी आणि खऱ्या फुलांचं काय?

व्हॅलेंटाइन डे जवळ आला की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास दिसते. टेबलावर रंगीत तुकड्यांच्या पिशव्या, फास्ट फॉरवर्डमध्ये पळणारे हात आणि शेवटी फुलदाणीत उभा राहिलेला गुलाबांचा बुके. खाली कमेंटमध्ये दोन गट पडतात. एका गटाचं म्हणणं असतं, 'एवढ्या पैशात खरी फुलं किती आली असती!' दुसऱ्या गटाचं उत्तर ठरलेलं, 'पण ही कोमेजणार नाहीत.'

ठोकळ्यांची ही फुलं नक्की काय आहेत? ती कशी जोडतात, घरात कशी ठेवायची आणि विकत घेण्याआधी काय माहीत असायला हवं?

सुरुवात कधी झाली?

लेगो ही डेन्मार्कची कंपनी. ओले कर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ मध्ये बिलुंड या गावात लाकडी खेळण्यांपासून तिची सुरुवात केली. 'लेग गोट' म्हणजे 'छान खेळ' या डॅनिश शब्दांवरून लेगो हे नाव आलं. आज आपण ओळखतो त्या प्लास्टिकच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यालाही बसतो.

फुलांच्या सेटची लाट मात्र अलीकडची आहे. २०२० मध्ये कंपनीने मोठ्यांसाठीच्या सेटना काळे खोके आणि '१८+' असा शिक्का द्यायला सुरुवात केली. १८+ म्हणजे त्यात लहान मुलांना नको असं काही असतं असं नाही. हा खेळ मोठ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवला आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना 'खेळणी' या शब्दाचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ही सोय होती.

जानेवारी २०२१ मध्ये वनस्पतींच्या मालिकेतले दोन सेट बाजारात आले. एक ७५६ तुकड्यांचा फुलांचा बुके आणि दुसरा ८७८ तुकड्यांचा बोन्साय. तेव्हा कोरोनाच्या साथीमुळे जगभर लोक घरात अडकले होते. हातांना काम आणि डोक्याला विसावा देणाऱ्या गोष्टींची गरज होतीच. पुढे या मालिकेत बर्ड ऑफ पॅरडाइज, ऑर्किड, रानफुलांचा बुके, सुकलेल्या फुलांची सजावट अशी भर पडत गेली. २०२४ च्या सुरुवातीला १२ लाल गुलाबांचा ८२२ तुकड्यांचा बुके आला. ज्यांना एवढं मोठं काम नको, त्यांच्यासाठी दोन गुलाबांचा १२० तुकड्यांचा आणि ट्यूलिपचा १११ तुकड्यांचा असे छोटे सेटही निघाले.

चौकोनी ठोकळ्यांतून गोल पाकळी कशी होते?

साधं घर बांधताना ठोकळ्यावर ठोकळा चढतो. ठोकळ्याच्या वरच्या गोल उंचवट्यांना स्टड म्हणतात. हे स्टड वरच्या ठोकळ्याच्या पोकळ भागात घट्ट बसतात. दोन स्टडमधलं अंतर कायम ८ मिलिमीटर. तुकड्यांचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी फरकाने जुळावं लागतं. माप थोडं चुकलं तर तुकडा एक तर सैल पडतो, नाहीतर निघता निघत नाही.

फूल बनवताना मात्र फक्त वर चढत जाऊन चालत नाही. पाकळ्या चहूबाजूंना उघडाव्या लागतात. त्यासाठी तीन युक्त्या वापरतात.

पहिली युक्ती म्हणजे स्टड बाजूला वळवणं. काही तुकड्यांना वर नाही तर कडेला स्टड असतात. असा तुकडा मधे ठेवला की पाकळ्या आडव्या लावता येतात.

दुसरी युक्ती म्हणजे बिजागरी आणि गोलकाचा सांधा. आपल्या खांद्याचा सांधा जसा सगळीकडे फिरतो, तसा गोलक खाचेत फिरतो. त्यामुळे पाकळी थोडी मिटलेली, अर्धी उमललेली किंवा पूर्ण उघडी ठेवता येते.

तिसरी युक्ती दांडी आणि चिमट्याची. लेगोच्या छोट्या बाहुल्यांच्या मुठीत जी बारीक दांडी मावते, तिच्याच मापाच्या दांड्यांवर चिमट्यासारखे तुकडे अडकवतात. देठाला फुटलेली पानं बहुतेक वेळा अशीच बसवलेली असतात.

यातली खरी गंमत म्हणजे फुलांसाठी प्रत्येक वेळी नवा साचा बनत नाही. दुसऱ्याच कामासाठी बनलेले तुकडे इथे वेगळ्या रंगात येतात. बोन्सायच्या सेटमध्ये चेरीचा गुलाबी बहर दिसतो. जवळ जाऊन पाहिलं तर फांद्यांवर चक्क चिमुकले गुलाबी बेडूक बसलेले असतात! बेडकाचा तुकडा आधीपासून होता, फक्त त्याचा रंग बदलला. लांबून तो मोहोर वाटतो.

जोडणाऱ्यांच्या जगात एक अलिखित नियमही पाळला जातो. ज्या जोडणीत तुकड्यावर ताण येतो, तो वाकतो किंवा चिरू शकतो, ती जोडणी 'बेकायदा' मानतात. तुमच्या हातातला तुकडा दाबूनही बसत नसेल, तर जोर लावण्याआधी पुस्तिकेचं मागचं पान पाहा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

पहिल्यांदा जोडत असाल तर

सातशे-साडेसातशे तुकड्यांच्या बुकेला सवयीप्रमाणे दोन ते चार तास लागतात. एका बैठकीत संपवायलाच हवा असं नाही.

- पिशव्यांवर क्रमांक असतात. एका वेळी एकच पिशवी फोडा. सगळे तुकडे एकत्र ओतले तर निम्मा वेळ शोधण्यात जातो.
- ताटात किंवा कडा असलेल्या ट्रेमध्ये तुकडे ठेवा. बारीक तुकडे फरशीवर पडले की सोफ्याखाली जातात आणि केरसुणीतच सापडतात.
- गडद हिरवा आणि काळा, फिकट गुलाबी आणि पांढरा हे रंग पिवळ्या दिव्याखाली सारखेच दिसतात. दिवसाच्या उजेडात बसलेलं बरं.
- एकाच प्रकारची चार फुलं असतील तर चौघांनी एकेक घ्या. असा बुके घरच्यांनी मिळून जोडायला सोपा जातो, कारण प्रत्येक फूल वेगळं तयार होतं.
- शेवटी दोन-चार बारीक तुकडे उरले तर घाबरू नका. हरवण्याची शक्यता असलेले तुकडे कंपनी जास्तीचे देते.

घरातल्या जुन्या ब्लॉक्समधून फूल

महागडा सेट न आणताही फूल जमतं. चारही बाजूंना स्टड असलेला एक छोटा ठोकळा घ्या. त्याच्या चार बाजूंना एकाच रंगाचे चार गोल किंवा पानाच्या आकाराचे तुकडे लावा. वर पिवळा गोल तुकडा बसवला की मधला भाग झाला. खाली हिरवे गोल ठोकळे एकावर एक रचा, तो देठ. अशी पाच-सहा फुलं वेगवेगळ्या उंचीची केली आणि काचेच्या ग्लासात ठेवली की टेबलावर ठेवण्याजोगा गुच्छ तयार.

कुठे ठेवायचा, कसा सांभाळायचा?

पहिली गोष्ट, बुकेच्या सेटमध्ये बहुधा फुलदाणी नसते. ऑर्किड किंवा बोन्सायला कुंडी मिळते, बुकेला मिळत नाही. फुलं वर जड आणि देठ बारीक असल्याने हलकी फुलदाणी कलंडते. अरुंद तोंडाची, बुडाशी जड फुलदाणी निवडा, किंवा तळाशी गोटे टाका. देठातले तुकडे कमी-जास्त करून उंची बदलता येते. उंच फुलं मागे आणि बुटकी पुढे ठेवली की बुके भरलेला दिसतो.

दुसरी गोष्ट, ऊन. खिडकीतलं थेट ऊन प्लास्टिकचा शत्रू आहे. त्यातल्या अतिनील किरणांमुळे पांढरे तुकडे पिवळट पडतात आणि गडद रंग फिकट होतात. शोकेस, आतल्या भिंतीवरची फळी किंवा टीपॉय ही त्यापेक्षा चांगली जागा. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते, म्हणून तिथे नकोच.

तिसरी गोष्ट, धूळ. फुलाला पाणी घालावं लागत नाही, पण धूळ झटकावी लागते. आठवड्यातून एकदा मेकअपचा मऊ ब्रश फिरवला तरी पुरे. फारच मळला तर तुकडे सोडवून ४० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाच्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा आणि हवेवर सुकवा. वॉशिंग मशीन, डिशवॉशर आणि हेअर ड्रायर टाळा. उष्णतेने तुकड्यांचा आकार बिघडतो आणि मग पकड सैल पडते.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बुके हाताला लागणार नाही अशा उंचीवर हवा. बारीक तुकडे घशात अडकण्याचा धोका खरा आहे.

भारतात महाग का पडतो?

पहिला बुके अमेरिकेत ४९.९९ डॉलरला आला होता. भारतात किंमत चढते, त्यामागे आयात शुल्क हे एक मोठं कारण आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेलं. देशी खेळणी उद्योगाला आधार देणं हा त्यामागचा सरकारचा हेतू होता.

म्हणूनच ऑनलाइन बाजारात इतर कंपन्यांचे स्वस्त बुके भरपूर दिसतात. ते सगळे बेकायदा असतात का? नाही. ठोकळ्याच्या मूळ पेटंटची मुदत कधीच संपली आहे. ठोकळ्याच्या आकाराला ट्रेडमार्क द्यायलाही युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये नकार दिला, कारण तो आकार तांत्रिक कामासाठी आहे. त्यामुळे तसे ठोकळे कुणीही बनवू शकतं. मात्र दुसऱ्याचं नाव, बोधचिन्ह किंवा सेटची रचना जशीच्या तशी उचलणं हा वेगळा मुद्दा आहे.

स्वस्त सेट घेताना तुकड्यांची पकड कशी आहे आणि पुस्तिका नीट छापलेली आहे का, हे परीक्षणांमधल्या फोटोंवरून पाहा. मुलांसाठी घेत असाल तर आयएसआय चिन्ह शोधा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते सक्तीचं आहे.

उसापासून बनलेलं फूल पर्यावरणपूरक असतं का?

या सेटमधले काही तुकडे 'वनस्पतीपासून बनवलेले' असल्याचं कंपनी सांगते. ते खरं आहे. २०१८ पासून लेगो झाडं, पानं, झुडपं असे मऊ तुकडे ब्राझीलच्या उसापासून मिळालेल्या पॉलिथिलिनचे बनवते. उसापासून इथेनॉल, इथेनॉलपासून इथिलीन आणि त्यापासून प्लास्टिक, असा हा प्रवास. साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना त्यातलं इथेनॉल ओळखीचं असेल.

पण तयार होणारा पदार्थ रासायनिकदृष्ट्या नेहमीचंच पॉलिथिलिन असतो. तो मातीत कुजत नाही. कडक ठोकळे तर एबीएस नावाच्या वेगळ्या प्लास्टिकचे असतात. वापरलेल्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून ठोकळे करण्याचा प्रयोग कंपनीने केला, पण २०२३ मध्ये तो सोडून दिला. नवी यंत्रणा उभारण्यात कार्बन उत्सर्जन घटण्याऐवजी वाढेल, असं तिच्या लक्षात आलं होतं.

म्हणजे हा बुके पर्यावरणाच्या बाजूचा ठरतो तो एकाच अटीवर: तो वर्षानुवर्षं वापरात राहिला तर. कंटाळा आला तर सोडवून दुसरं काही बनवता येतं, कुणाला देता येतं, विकताही येतं. पुस्तिका आणि सगळे तुकडे एका पिशवीत जपून ठेवले तर तोच बुके दुसऱ्या घरात पुन्हा उमलतो.

मग खऱ्या फुलांचं काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नाही. मावळात तळेगाव दाभाडेच्या आसपास पॉलिहाऊसमध्ये वाढणारे गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात जातात. झेंडू, शेवंती, निशिगंध यांवर हजारो शेतकरी कुटुंबांचा दसरा-दिवाळीचा हिशोब ठरतो. सजावटीत आणि तोरणांत प्लास्टिकची फुलं घुसल्याने भाव पडतो, अशी या शेतकऱ्यांची तक्रार आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, पण त्या यादीत प्लास्टिकची फुलं नव्हती. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधानसभेत हा विषय आला, तेव्हा सरकारने बंदीच्या बाजूने भूमिका मांडली.

या वादात लेगोचा बुके कुठे बसतो? मंडपाला टनावारी लागणाऱ्या आणि चार दिवसांनी कचऱ्यात जाणाऱ्या फुलांची जागा तो घेत नाही. तेवढा तो स्वस्तही नाही. देवाला वाहायला किंवा गजऱ्याला तर तो कामाचाच नाही, कारण त्याला वास नाही. त्याची खरी स्पर्धा जिगसॉ पझल, विणकाम, चित्रांचे रंग यांच्याशी आहे. पैसे मोजले जातात ते जोडण्यात गेलेल्या तासांसाठी. टेबलावर उरतं ते त्या तासांचं फळ.

म्हणून भेट देण्याआधी एकच प्रश्न विचारा: समोरच्या माणसाला जोडायला आवडेल का? आवडत असेल तर खोकं न फोडता द्या, नाहीतर त्यातला निम्मा आनंद तुम्हीच घेतलेला असेल. आणि त्या माणसाला फुलांचा वासच प्रिय असेल, तर सकाळी फुलबाजारात जाऊन निशिगंधाची एक जुडी आणा. ती चार दिवसांत सुकेल, पण तेवढे दिवस घर दरवळेल.